आमच्या मुलखात जीएम नको! बंदी आणि जोखीम-परीक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी मेळाव्यांत, कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांकडून आणि घरच्या जेवणावळीतही जनुकीय सुधारित म्हणजे जीएम पिकांबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातले बंदीविषयीचे इथे घेतले आहेत. पिकं चांगली की वाईट, हा वाद इथे नाही. एखादा प्रांत, जिल्हा किंवा राज्य ‘आमच्याकडे नको’ म्हणतं तेव्हा त्या म्हणण्याची शास्त्रीय तपासणी कशी होते, एवढाच विषय आहे. बरीच उदाहरणं युरोपातली आहेत, कारण अशा बंद्यांचे सगळ्यात जास्त कागद तिथेच तयार झाले.

प्रादेशिक बंदी म्हणजे नेमकं काय?

देशाच्या किंवा संघाच्या पातळीवर एखाद्या पिकाला परवानगी आहे, तरी त्यातला एक भाग आपल्या हद्दीत ते पेरू देत नाही, ही प्रादेशिक बंदी. ऑस्ट्रियाचा एखादा प्रांत, बेल्जियमचा वालोनिया, ऑस्ट्रेलियाचं टास्मानिया राज्य, कॅलिफोर्नियातली मेंडोसिनो काउंटी. मेंडोसिनोत २००४ साली थेट लोकांच्या मतदानाने बंदी आली.

लागवडीवरची बंदी आणि आयातीवरची बंदी या वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपात जे देश जीएम मका पेरू देत नाहीत, त्यांच्याच गोठ्यांत जहाजाने आलेलं जीएम सोयाबीन पशुखाद्य म्हणून जातं. हे ऐकून लोक चिडतात, पण कायद्यात ती विसंगती नाही. शेतात उगवणाऱ्या झाडाची जोखीम वेगळी आणि पेंड झालेल्या दाण्याची वेगळी.

धोका आणि जोखीम हे एकच ना?

बोलताना एकच, परीक्षणात नाही. आणि इथेच अर्धे वाद फसतात.

विहीर हा धोका आहे. विहिरीला कठडा आहे का, पोरं तिकडे खेळायला जातात का, यावर जोखीम ठरते. धोका आणि त्याच्याशी येणारा संपर्क, दोन्ही मोजल्याशिवाय जोखीम निघत नाही.

मोनार्क फुलपाखराचं उदाहरण घ्या. १९९९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी बीटी मक्याचे, म्हणजे जिवाणूचं कीड मारणारं जनुक घातलेल्या मक्याचे, परागकण मिल्कवीडच्या पानांवर टाकून ती पानं मोनार्कच्या अळ्यांना खाऊ घातली. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या गोतावळ्यातलं झुडूप. चार दिवसांत निम्म्याच्या आसपास अळ्या मेल्या आणि बातमी जगभर गेली. त्यात आश्चर्य काही नव्हतं. बीटी प्रथिन पतंग-फुलपाखरांच्या अळ्या मारण्यासाठीच असतं आणि मोनार्कची अळीही त्याच गणातली. धोका सिद्ध झाला होता, जोखीम नव्हे.

मग शेतात जाऊन मोजणी झाली. मिल्कवीडच्या पानावर खरोखर किती पराग पडतो, पराग उडण्याचा काळ आणि अळ्यांचा काळ किती जुळतो, किती मिल्कवीड मक्याच्या शेतात असतं. २००१ साली निबंधांची मालिकाच आली. निष्कर्ष असा की शेतातल्या प्रमाणात बहुतेक बीटी मक्यांची मोनार्कला जोखीम नगण्य, पण ‘इव्हेंट १७६’ या एका प्रकाराच्या परागात विष जास्त असल्याने तो मात्र घातक. तो प्रकार पुढे बाजारातून गेला. दोन्ही बाजूंचे लोक आजही या गोष्टीचा फक्त आपल्या सोयीचा अर्धा भाग सांगतात.

परीक्षण करतात कसं?

पहिलं काम प्रश्न नीट मांडण्याचं. ‘हे पीक निसर्गाला वाईट आहे का?’ हा मोजता येणारा प्रश्न नाही. ‘या मक्यामुळे या भागातल्या परजीवी गांधीलमाश्यांची संख्या घटेल का?’ हा आहे. मग धोका कसला, किती, संपर्क कितपत, त्यावरून जोखीम, ती आटोक्यात ठेवायचे उपाय आणि शेवटी एकूण मत. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण, म्हणजे इटलीतल्या पार्मा शहरातलं ‘एफ्सा’, ढोबळमानाने याच पायऱ्यांनी जातं. झाड तणासारखं माजेल का, त्याचं जनुक जंगली भावंडांत किंवा मातीतल्या जिवाणूंत जाईल का, ज्या किडीसाठी ते केलं तीच त्याला पचवेल का, बाकीच्या कीटकांचं काय, लागवडीची पद्धत बदलून नवीन उपद्रव होईल का, माती आणि माणसा-गुरांचं आरोग्य, हे सगळं त्यात येतं.

तुलना नेहमी त्याच पिकाच्या साध्या वाणाशी करतात. साध्या शेतीतही नांगर, फवारे आणि खतं असतातच, त्यामुळे शून्य जोखमीशी तुलना करून काहीच हाती लागत नाही.

अपर ऑस्ट्रियाचं प्रकरण काय होतं? त्याचा इतका उल्लेख का होतो?

कारण प्रादेशिक बंदीची इतकी स्वच्छ शास्त्रीय आणि कायदेशीर उलटतपासणी दुसरीकडे क्वचितच झाली.

अपर ऑस्ट्रिया हा लिंझ शहराभोवतीचा प्रांत. लहान शेतं, डोंगराळ पट्टे, सेंद्रिय शेतकऱ्यांचं मोठं प्रमाण. प्रांताने जीएम बियाण्याची लागवड आणि जीएम प्राण्यांची पैदास सरसकट बंद करणारा कायदा तयार केला. मार्च २००३ मध्ये ऑस्ट्रियाने तो युरोपीय आयोगाकडे, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी यंत्रणेकडे, मंजुरीसाठी पाठवला, सोबत जीएम-मुक्त क्षेत्रांवरचा एक अभ्यास जोडून.

संघाचा सामायिक नियम असताना त्याहून कडक कायदा आणायचा तर युरोपच्या करारात कडक अटी होत्या. पुरावा शास्त्रीय आणि नवा हवा. तो पर्यावरणाच्या किंवा कामाच्या जागेच्या संरक्षणाशी निगडित हवा. अडचण त्या देशापुरती खास हवी, आणि सामायिक नियम झाल्यानंतर उद्भवलेली हवी. सगळ्या अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात, एक जरी हुकली तरी अर्ज फेटाळला जातो.

आयोगाने एफ्साचं मत मागवलं. एफ्सा तेव्हा नवीनच होतं, त्याच्या जीएम मंडळाच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी हे एक. जुलै २००३ मध्ये मंडळाने सांगितलं की या कागदांत बंदीला आधार ठरेल असा आरोग्याचा किंवा पर्यावरणाचा नवा शास्त्रीय पुरावा नाही. सप्टेंबरमध्ये आयोगाने अर्ज नाकारला. प्रांत आणि देश दोघेही न्यायालयात गेले, २००५ साली हरले, अपिलातही सप्टेंबर २००७ मध्ये हरले. लहान शेतं आणि सेंद्रिय शेती ही केवळ अपर ऑस्ट्रियाची खासियत नाही, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला.

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी ओळ मात्र निकालात नाही, मंडळाच्या मतात आहे. जीएम आणि बिगर-जीएम पिकं शेजारी शेजारी कशी नांदवायची यावर बोलायला आम्हाला सांगितलेलं नाही, पण तो शेतीतला महत्त्वाचा प्रश्न आहे, असं मंडळाने नोंदवून ठेवलं. आता बघा, तिथल्या सेंद्रिय शेतकऱ्याची खरी धास्ती तीच होती. शेजारच्या बांधावरून पराग आला, तर माझ्या मक्याचा सेंद्रिय भाव जाईल आणि भरपाई कोण देणार? हा प्रश्न बाजाराचा आणि हक्काचा आहे. तो विषशास्त्राच्या अर्जावर लिहून पाठवला, आणि विषशास्त्राने ‘इथे विष दिसत नाही’ असं उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं, पण ते शेतकऱ्याच्या प्रश्नाचं नव्हतं.

नंतर ऑस्ट्रियाच्या प्रांतांनी सरसकट बंदीऐवजी दक्षतेचे कायदे केले, आणि अपर ऑस्ट्रिया व इटलीतला टस्कनी यांच्या पुढाकाराने जीएम-मुक्त प्रदेशांचं जाळंही उभं राहिलं.

‘पुरावा नाही’ म्हणजे ‘सुरक्षित आहे’ का?

नाही. एफ्साने ‘आधीचं परीक्षण बदलावं असं यात काही नाही’ एवढंच म्हटलं होतं. वर्तमानपत्रांत त्याचं ‘सुरक्षित असल्याचा निर्वाळा’ होतं आणि विरोधकांच्या पत्रकात ‘दुर्लक्ष’ होतं. दोन्ही चूक.

मग फ्रान्स आणि जर्मनीने बंदी कशी घातली?

ती ‘मॉन ८१०’ या मक्याची गोष्ट. त्यात क्राय १ एबी हे बीटी प्रथिन आहे, मक्याच्या युरोपीय खोडकिड्याविरुद्ध. आपल्या पहिल्या बीटी कापसातल्या क्राय १ एसीचं हे जवळचं भावंड. १९९८ साली त्याला युरोपात लागवडीची परवानगी मिळाली. नंतर ऑस्ट्रिया, हंगेरी, ग्रीस, फ्रान्स, लक्झेम्बर्ग आणि एप्रिल २००९ मध्ये जर्मनी, एकेकाने कायद्यातलं संरक्षणाचं कलम वापरून ती आपल्यापुरती थांबवली.

जर्मनीच्या कारणांत दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यावरचा एक प्रयोग होता. बीटी प्रथिन थेट दिलेल्या अळ्या जास्त मेल्या, असा त्याचा दावा. नंतर दुसऱ्या संशोधकांनी वेगळ्या पद्धतीने प्रयोग केला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. फ्रान्सच्या २००८ च्या बंदीमागचे कागदही एफ्साने त्याच वर्षी तपासले आणि नवा पुरावा नाही असंच सांगितलं.

तरी बंदी टिकली. कारण शास्त्रीय मत आल्यावर निर्णय मंत्र्यांच्या परिषदेत जातो, आणि मार्च २००९ मध्ये तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीला बंदी उठवायला लावण्याचा आयोगाचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने पडला. फ्रान्समध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बंदी २०११ मध्ये रद्द केली, सरकारने पुन्हा घातली, २०१३ मध्ये पुन्हा रद्द झाली, २०१४ मध्ये पेरणीच्या तोंडावर पुन्हा आली. हा खेळ बघून शास्त्रावरचा कुणाचा विश्वास वाढला असेल असं वाटत नाही.

सावधगिरीचं तत्त्व आहे ना? खात्री नसेल तर थांबवा, एवढं साधं का नाही?

ते तत्त्व परवानगी देताना लागतंच, आणि तिथे ते हवंच. परवानगी दिल्यानंतर ती थांबवायची तर पायरी उंच होते. इटलीतल्या फ्रिउली भागातल्या जॉर्जो फिदेनातो या शेतकऱ्याने देशाची बंदी मोडून मॉन ८१० पेरला आणि खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर २०१७ च्या निकालाचा अर्थ असा: आणीबाणीचा उपाय करायचा तर गंभीर जोखीम उघड दिसली पाहिजे. नुसत्या सावधगिरीच्या नावाखाली ही अट सैल करता येणार नाही.

सावधगिरी म्हणजे पुराव्याला सुट्टी नव्हे. अपुऱ्या पुराव्यावर निर्णय घ्यायची ती पद्धत आहे, आणि नवा पुरावा आला की निर्णय पुन्हा उघडावा लागतो. हा दुसरा भाग सहसा कुणी पाळत नाही.

२०१५ नंतर काय बदललं?

युरोपने प्रामाणिकपणाचा रस्ता काढला, उशिरा का होईना. मार्च २०१५ च्या नव्या निर्देशाने देशांना आणि प्रदेशांना जमीन-वापर, शेतीधोरण, सामाजिक-आर्थिक परिणाम, भेसळ टाळणं अशा कारणांवरून लागवड नाकारायची मुभा दिली. अट एवढीच की ही कारणं एफ्साच्या पर्यावरणीय परीक्षणाशी टक्कर घेणारी नसावीत. ‘हे विषारी आहे’ असं म्हणू नका, ‘आम्हाला नको, आणि का ते हे’ असं म्हणा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत १७ देशांनी आणि ४ प्रदेशांनी नकार कळवला. ते प्रदेश म्हणजे वालोनिया, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड.

स्पेन आणि पोर्तुगालमध्ये लागवड चालू राहिली. स्पेनमध्ये २०१३ साली सुमारे १ लाख ३७ हजार हेक्टरवर मॉन ८१० मका होता, मुख्यतः आरागॉन आणि कातालोनियात, जिथे खोडकिड्याचा त्रास जास्त. नंतर क्षेत्र बरंच उतरलं.

प्रत्येक मुलूख वेगळा असतो. मग एकाच परीक्षणावर सगळीकडे परवानगी कशी?

हा प्रादेशिक बंदीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि तो नीट पुराव्यानिशी मांडला तर परीक्षणालाही तो ऐकावाच लागतो.

मक्याला युरोपात जंगली नातेवाईक नाहीत, म्हणून जनुक जंगलात जायची भीती तिथे नाही असं वर्षानुवर्षं धरलेलं होतं. मग स्पेनच्या मक्याच्या शेतांत टिओसिंटे उगवायला लागलं. टिओसिंटे हे मक्याचं मेक्सिकोतलं जंगली भावंड, तिथे तण म्हणून शिरलं. एफ्साने २०१६ मध्ये हा नवा पुरावा घेऊन आधीचं मत पुन्हा तपासलं. मत बदललं नाही, पण तपासावं लागलं. स्थानिक पुरावा म्हणजे असा, ठिकाण आणि रोप हातात घेऊन दाखवता येणारा. मेक्सिको तर मक्याचं माहेरच, तिथला प्रश्न मुळातच वेगळा.

आपल्याकडे हाच फरक कापूस आणि वांग्यात आहे. वांग्याच्या विविधतेचं भारत हे मोठं केंद्र, रानवांग्यांसकट. त्यामुळे बीटी वांग्याच्या वेळी परागवहनाचा प्रश्न कापसापेक्षा जास्त जोरात यायला हवा होता, आणि आला.

बंदी घातली की जोखीम संपली, असं धरायचं का?

इथेच बहुतेक बंद्यांचं परीक्षण अर्धवट राहतं. बंदी हाही निर्णयच, त्याचेही परिणाम असतात. बीटी नसेल तर शेतकरी काय फवारणार? किडका मका राहिला तर त्यावर येणाऱ्या बुरशीच्या विषाचं काय? हवाई बेटावर २०१३ च्या बंदीतून पपईला सूट द्यावी लागली. रिंगस्पॉट विषाणूने तिथल्या बागा झोपवल्या होत्या आणि १९९८ मध्ये आलेल्या जीएम ‘रेनबो’ पपईनेच त्या उभ्या राहिल्या होत्या.

आणि बंदी कागदावरच राहिली तर? विदर्भातल्या वाचकांना ‘चोरबीटी’ समजावून सांगायला नको. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला देशात परवानगी नाही, तरी बी येतं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते उघड पेरून आंदोलनच केलं. अशा बियाण्याच्या पाकिटावर ना खरं नाव, ना जबाबदार कंपनी. काय पेरलं गेलं याची नोंद नाही म्हणून देखरेखही नाही. कुठलंही परीक्षण न झालेली लागवड ही, आणि ती बंदीच्याच छायेत वाढली.

ऑस्ट्रेलियात हे कसं करतात?

मला पटणारी रचना तिथली. आरोग्य आणि पर्यावरणाची जोखीम केंद्राचा नियामक तपासतो. राज्यं लागवड अडवू शकतात, पण फक्त विक्री-बाजाराच्या कारणावरून, कायद्यातच तसं लिहिलंय. म्हणजे ‘जीएम-मुक्त’ नावाला खरंच जास्त भाव मिळतो का, एवढाच हिशेब उरतो, आणि तो मांडता येतो. साउथ ऑस्ट्रेलियाने २०१९ साली तो अर्थतज्ज्ञाकडून मांडून घेतला. २००४ पासून बंदीमुळे तिथल्या कनोला, म्हणजे मोहरीच्या गोतावळ्यातलं तेलबी, पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं किमान ३ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचं नुकसान झालं, असं निघालं. २०२० मध्ये मुख्य भूमीवरची बंदी गेली, मात्र कांगारू बेटावर ठेवली, कारण तिथल्या बिगर-जीएम कनोलाला जपानमध्ये खास गिऱ्हाईक आहे. एकाच राज्यात दोन निर्णय, आणि दोन्हींमागचं कारण सांगता येतं.

एफ्सा कंपन्यांनीच दिलेल्या आकड्यांवर विसंबतं ना?

हो, चाचण्यांचा खर्च आणि आकडेवारी अर्जदाराची असते. टीका रास्त आहे. मार्च २०२१ पासून युरोपात चाचणी सुरू करण्याआधी तिची नोंद करावी लागते आणि अर्जासोबतचा अभ्यास सुरुवातीलाच खुला होतो. नको ते निकाल कपाटात ठेवणं त्यामुळे अवघड झालं.

उंदरांना गाठी आल्या होत्या ते?

२०१२ चा फ्रेंच निबंध, जीएम मका खाऊ घातलेल्या उंदरांवरचा. उंदरांची जात मुळातच गाठी होणारी, गटात उंदीर थोडे. नियतकालिकाने २०१३ मध्ये तो मागे घेतला, २०१४ मध्ये दुसरीकडे छापला गेला. नंतर युरोपीय निधीतून झालेल्या मोठ्या चाचण्यांत तसं काही दिसलं नाही.

महाराष्ट्र सरकार उद्या बंदी घालू शकेल का?

परवानगीची चावी केंद्राकडे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम आणि त्यातली जीईएसी, म्हणजे जीएम पिकांचे अर्ज तपासणारी केंद्राची समिती. पण शेती राज्यांच्या यादीत, आणि २०११ पासून शेतातल्या चाचण्यांसाठी राज्याचं ना-हरकत पत्र लागतं. ते न देणं ही न बोलता घातलेली बंदीच. त्या ‘नाही’ला बहुतेक वेळा जाहीर कारण जोडलेलं नसतं, माझी तक्रार तीच.

याउलट बीटी वांगं बघा. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने हिरवा कंदील दिला. केरळ, बिहार, कर्नाटक, पश्चिम बंगालसह अनेक राज्यांनी विरोध कळवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ७ शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होतं. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती दिली आणि कारणांचं सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं. निर्णय पटो न पटो, वाचून खोडता येईल असं काही तरी समोर होतं. स्थगितीत ज्या चाचण्यांची अपेक्षा होती त्या ठरवून पुऱ्या करण्याचं काम मात्र रेंगाळलं. बांगलादेशने तेच वांगं २०१३ मध्ये मंजूर केलं.

गुलाबी बोंडअळीने बीटी पचवलं. मग परीक्षण फसलं नाही का?

परीक्षणात ही जोखीम लिहिलेली होती, आणि उपायही. शेताच्या कडेने बिगर-बीटी कापूस लावा, म्हणजे तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगतील. ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीचं पाकीट यायचं, ज्याला सगळे ‘रेफ्युजी’ म्हणत. किती जणांनी ते लावलं? मी तरी बांधावर फेकलेली पाकिटं जास्त पाहिलीत. दहा-बारा ओळी अळीला वाहायच्या, हे पाच एकरवाल्याला कोण पटवणार होतं?

त्यात आपल्या कापसाची तऱ्हा. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कापसावरच जगते, त्यामुळे दुसऱ्या पिकांचा आपोआप आसरा नाही. वाण संकरित, म्हणून बोंडातल्या सगळ्या सरकीत विष सारखं नाही. आणि पाणी असलं की फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेला जुना कापूस, मार्चपर्यंत उभी, म्हणजे अळीला बारमाही खानावळ. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या बीटीविरुद्धचा प्रतिकार मान्य झाला, २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात दोन जनुकांचं बीटीही अळीने बोंडासकट खाल्लं. स्पेनमध्ये खोडकिड्यासाठी असाच आसरा ठेवायचा नियम होता आणि पहिल्या दोन दशकांत तिथला बीटी मका शेतात निष्प्रभ ठरल्याची नोंद झाली नाही. प्रथिन सख्खं भावंड, शेती वेगळी. मुलखानुसार परीक्षण हवं ते यासाठी. बंदीसाठी असो वा परवानगीसाठी, शेतकरी प्रत्यक्षात काय करेल हे त्यात धरलं नाही, तर बाकीचं गणित वाया जातं.

जीन एडिटिंगचं पीक अशा बंदीत येतं का?

जीन एडिटिंग म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकांत नेमक्या जागी केलेला बदल. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये येतं असं ठरवलं. भारताने मार्च २०२२ मध्ये बाहेरचं जनुक न घालता केलेल्या बदलांना १९८९ च्या नियमांतल्या मुख्य तपासणीतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये असे दोन भात जाहीर झाले, त्यातला एक ‘कमला’. एखाद्या राज्याने त्यावर बंदी घालायची ठरवली, तर अडचण प्रयोगशाळेत येईल. जीएम ओळखायची नेहमीची चाचणी बाहेरून आलेला तुकडा शोधते, आणि इथे तो तुकडाच नसतो. बियाणे निरीक्षकाच्या हातात पोतं असेल, पण त्याची नेहमीची चाचणी कोरी येईल.